उंच केलेल्या गाडीचं डावं चाक

माझ्या दूरच्या नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात फोनवर तू मला तुझी पिकअप दाखवलीस. तू तिच्या शेजारी उभा होतास आणि तिचं चाक तुझ्या कमरेपर्यंत आलं होतं. तू म्हणालास, "आजी, सहा इंच उचलली. पण आता स्टिअरिंग थरथरतं, आणि समोरचं टायर एकाच कडेनं झिजतं." मागून तुझी बहीण म्हणाली, "याला आता गाडीत चढायला शिडी लागते." तेवढ्यात फोन कटला. मी मात्र बराच वेळ खिडकीत बसून राहिले आणि फाटकाजवळच्या आपल्या जुन्या पिकअपकडे पाहत राहिले. तीही आम्ही एकदा अशीच उंच केली होती. तुम्ही दोघं लहान असताना आजोबा तुमच्या काखेत हात घालून तुम्हाला तिच्यात चढवायचे, ते तुम्हाला आठवतं का, कोण जाणे.

पुढच्या महिन्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, नंतर सगळं लख्ख दिसेल. सध्या मला सगळं दुधातून पाहिल्यासारखं दिसतं: अंगणातलं कडुलिंबाचं झाड, रस्त्यानं जाणाऱ्या बाया, भिंतीवरची पाल. या दुधाळ उजेडात मागच्या गोष्टी मात्र फार जवळ येतात. लख्ख उजेडात त्या इतक्या जवळ येतील याची मला खात्री नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवली आणि तुम्हाला तीच जास्त सोपी आहे हेही मला माहीत आहे. पण या गोष्टीतलं एकही माणूस इंग्रजीत बोललं नव्हतं. तुमची आई वाचून दाखवील.

तुमचे आजोबा कृषी खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी मूल गावाबाहेर धानाची लहानशी गिरणी टाकली. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूच्या जंगलातल्या गावांमधून धान आणायचं, इथे कांडायचं आणि तांदूळ परत नेऊन द्यायचा, असं ते काम. त्यासाठी पिकअप घेतली. तिच्यावर ड्रायव्हर होता तो त्याच गावांपैकी एका गावचा, गोंड, चाळिशीच्या आतबाहेरचा, कमी बोलणारा. त्याचे वडील बैलबंडी हाकत. त्या गावात गाडी चालवण्याचं लायसन्स असलेला तो एकटाच होता. सकाळी फाटकाशी आला की तो "जय सेवा" म्हणायचा, आजोबा "जय भीम" म्हणायचे, आणि मग दोघंही गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे, गाय विकत घ्यायला आलेल्या माणसांसारखे.

एका भाद्रपदात नाल्याचं पाणी अचानक चढलं आणि पिकअप रपट्याच्या मधोमध बंद पडली. रपटा म्हणजे नाल्यातून जाणारा तो बुटका, पाण्याखाली जाणारा पूल. मागची तांदळाची पोती भिजली. ड्रायव्हर छातीभर पाण्यात उभा राहून दोर धरून होता, आणि पलीकडून गावची माणसं ओढत होती. गाडी निघाली, पण त्यानंतर आजोबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. गाडी उंच करायची.

चंद्रपूरहून बल्लारपूरला जाणाऱ्या रस्त्यावर एका मिस्त्रीची टिनाची शेड होती. कोळशाच्या गाड्यांची कामं करून करून त्याच्या हातांच्या रेषासुद्धा काळ्या झाल्या होत्या. त्यानं मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीत एक पाटा वाढवला. समोर, गाडीच्या पोटाखाली, पोलादाची एक लांब कांडी असते. ओलं लुगडं पिळावं तशी ती पिळली की गाडीचं तोंड वर येतं. ती त्यानं दोन्ही बाजूंनी पिळली. संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा ती मला कुणा दुसऱ्याचीच वाटली. गल्लीतल्या कुत्र्यांनाही वाटली असावी. ती नेहमी तिच्याखाली झोपायची, पण त्या दिवशी चार पावलं लांब बसून तिच्याकडे पाहत राहिली.

पहिल्यांदा मी तिच्यात बसले तो दिवस मला अजून स्वप्नासारखा आठवतो. आपला तो रोजचाच रस्ता. पण आता कुडाच्या कुंपणांवरून पलीकडचं दिसत होतं. धुऱ्याधुऱ्यांनी कापलेल्या धानाच्या बांध्या, त्यांत उभं पाणी, पाण्यात उभे बगळे, आणि त्यांच्याही पलीकडे तलावाची पाळ. कुणाच्या तरी अंगणात एक म्हातारी खाटेवर झोपली होती आणि तिच्या पोटावर मांजर झोपलं होतं. इतकी वर्षं मी त्या घरावरून गेले होते आणि मला ती खाट कधी दिसली नव्हती. आपण जमिनीवरून चाललो नाही, वरून तरंगत चाललो आहोत, असं मला त्या गाडीत नेहमी वाटायचं. तुला तुझी गाडी का आवडते हे मला कळतं, बाळा. शिडी लागली तरी.

राहिलेला पावसाळा ती झोकात गेली. रपट्यावरून पाणी वाहत असलं तरी ती पार व्हायची, आणि ड्रायव्हर पलीकडे जाऊन एकदा मागे वळून पाण्याकडे पाहायचा.

दिवाळी झाल्यावर काही आठवड्यांनी समोरच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. कट-कट, कट-कट. मिस्त्रीनं चाक उचलून हलवलं तर ते दारासारखं हललं. त्यात बॉल जॉइंट नावाचा भाग असतो. वाटीत बसवलेला पोलादी गोळा. चाकाचा घोटाच म्हणा. त्याच्यावरचं रबर फाटलं होतं, आत धूळ गेली होती आणि वाटी खरवडून निघाली होती. टायरही बाहेरच्या कडेनं घासून गुळगुळीत झालं होतं. मिस्त्री म्हणाला, "उंच गाडीचे नखरे राहतेच, भाऊ." जॉइंट बदलला.

होळीनंतर तोच आवाज, तोच जॉइंट. पुढचा सगळा पावसाळा शांत गेला. दिवाळीनंतर पुन्हा तेच, आणि पुन्हा डावीकडेच. या वेळी मिस्त्रीनं आजोबांना गाडीखाली वाकायला लावलं. मीही मागे उभी होते.

"हा उजवा पहा," तो म्हणाला, "कसा नवरीवानी आहे. अन् हा डावा पहा. याले कोणी रोज मारते काय? भाऊ, राग मानू नोका, पण ही झीज रस्त्यावरची नाई. गाडी जंगलात घातल्याशिवाय असं होत नाई."

जंगलात घालणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जंगलात पिकअप घालायची ती सागाच्या लाकडांसाठी, आणि तीही चोरून. आजोबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला आवडलं नाही. माझाही तसाच झाला असणार.

घरी आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला अंगणात उभं केलं.

"गाडी जंगलात घालतोस?"

"नाई, साहेब."

"मग डावीकडचाच काऊन जाते दरवेळी?"

"मले नाई मालूम."

"गाडी तू चालवतोस. तुले नाई मालूम त कोणाले मालूम?"

आजोबा म्हणाले, "आता अजून एकदा गेला, त चावी इथी ठेवून द्यायची."

तो "हो" म्हणाला आणि गाडी धुवायला लागला. मी आत गेले. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल. सहा वर्षं तो आमच्याकडे होता, त्यानं एकदाही खाडा केला नव्हता, आणि तरी माझ्याही मनात सागाची लाकडं आली होती. जंगलातल्या गावचा माणूस, पहाटेच निघणारा, जास्त न बोलणारा. एवढंच पुरलं मला.

पुढच्या वर्षी मोह फुलायला लागला आणि आवाज पुन्हा सुरू झाला. आधी बारीक, ताटात चमचा हलावा तसा. मी फाटकात उभी राहून तो ऐकला आणि आजोबाही ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "रविवारी चावी घेतो. मूलमधला दुसरा पाहून ठेवला आहे."

त्यात फक्त नोकरी जाण्याचा प्रश्न नव्हता. गाडी जंगलात घातली म्हणून काढलं, हे एकदा तालुक्यात पसरलं की त्याला पुन्हा कुणीही गाडी देणार नव्हतं. आणि त्याच्या गावात कुणी आजारी पडलं, कुणाला दिवस भरले, की याच पिकअपच्या मागे गादी टाकून तो त्यांना दवाखान्यात आणत असे. हे मला माहीत होतं. आजोबांनाही होतं.

मला वस्तू जागच्या जागी लावण्याची सवय आहे, तुमची आई त्यावरून मला हसते. गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद मी एका वहीत करत असे. त्या दिवशी दुपारी ती वही घेऊन बसले. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. पावसाळ्यात जॉइंट एकदाही गेला नव्हता. नाले, रपटे, चिखल, खड्डे, गाडीला जे सोसावं लागतं ते सगळं पावसाळ्यात. आणि तेव्हा ती ठणठणीत. जेव्हा रस्ता कोरडा आणि नीट असतो, दिवाळीनंतर आणि होळीनंतर, तेव्हाच डावं चाक मोडायचं. लाकूड चोरणाऱ्याला ऋतू नसतो. पण याहून पुढे माझं डोकं चालेना.

शुक्रवारी सकाळी मी आजोबांना सांगितलं की मी गाडीत जाऊन येते. ते म्हणाले, "कशाला? कंबर मोडून घ्यायला?" मी शाल घेतली आणि गेले. ड्रायव्हरनं माझ्यासाठी विटांची पायरी केली. तो एकदाच बोलला.

"बाई, तुमी मले पाहाले आल्या ना?"

मी म्हटलं, "हो."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली.

त्या सकाळचं काय सांगू तुम्हाला. नदीवर धुकं होतं, पुलाचे कठडे तेवढे धुक्यातून वर आलेले. पलीकडे जंगल सुरू झालं तसा मोहाचा वास आला. तो वास फुलांच्या वासासारखा नसतोच. जुन्या मडक्यात गूळ भिजत घातल्यासारखा असतो, जड, झोप आणणारा. झाडाखालची पानं जाळून जमीन स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर रात्रभर पडलेली फुलं पिवळट मोत्यांसारखी पसरली होती. बाया वाकून वेचत होत्या. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या ओच्यात फुलं. त्यांच्यातली एखादी कंबर सरळ करायची, गाडीकडे पाहायची आणि पुन्हा वाकायची. पळसाची पानं झडून नुसती फुलं उरली होती. एका गाडीपुरता तो रस्ता पूर्ण मोकळा होता. गाडी मधोमध सरळ चालली होती, कट-कट करत, आणि मी त्या उंच सीटवर बसून पेंगत होते. कुठेही ती जंगलात वळली नाही. एकदाही नाही.

गावात पोती भरायला उशीर झाला. घराघरांत राखून ठेवलेलं धान मोजून निघालं, त्यांनी मला कोरा चहा दिला, एका म्हातारीनं माझ्या साडीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. परत निघालो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं.

परतीच्या वाटेवर गावं उजव्या हाताला येतात आणि डावीकडे जंगल. पहिलं गाव आलं आणि मी पाहिलं, उजवा अर्धा रस्ता पिवळा झाला होता. सकाळी वेचलेली मोहफुलं बायांनी आपापल्या घरासमोर डांबरावर वाळत घातली होती. डांबर तापतं, फुलं लवकर सुकतात. लांबच लांब, मध्ये घराएवढं अंतर सोडून एकेकीचं वाळवण, आणि सावलीत बसून राखणारी एखादी आजीबाई.

ड्रायव्हरनं गाडी सावकाश केली आणि डावीकडे घेतली. डावी दोन्ही चाकं डांबरावरून खाली मुरुमावर उतरली. धप्प. डांबराची कड तिथे चांगली वीतभर उंच होती. मागे पूर्ण धानाचं ओझं. वाळवण संपलं तसं त्यानं चाक वर घेतलं. पुढचं वाळवण आलं. धप्प. पुन्हा वर. धप्प. पहिल्या गावात मी मोजलं, दुसऱ्या गावात मोजणं सोडून दिलं. प्रत्येक वेळी डाव्या चाकातून जो आवाज येत होता तो माझ्या दातांपर्यंत पोचत होता.

एका ठिकाणी वाळवण नव्हतं, लाखोळी नावाच्या कडधान्याची उपटलेली झाडं रस्ताभर टाकली होती. तिथे एक बाई उठून हातवारे करत ओरडली, "काऊन भाऊ, इकडून काऊन चालला? वरून ने ना! दाणे निघते!"

"तुह्या लाखोळीची मळणी मीच करू?" तो खिडकीतून म्हणाला.

"मंग? एवढी उंच गाडी घेऊन फिरते, कामात ये ना जरा!"

बाकीच्या बाया हसल्या. त्यानं गाडी वर घेतली आणि लाखोळीवरून सावकाश नेली. टरफलं कडकड फुटली. ती बाई मागून ओरडली, "आता रिवर्स घे!" तो पहिल्यांदाच हसताना मला दिसला. आणि त्यानं खरोखर गाडी मागे घेतली.

पुढे मोहाची वाळवणं लागली तशी गाडी पुन्हा मुरुमावर उतरली. मी विचारलं, "तू भोंगा का वाजवत नाहीस? त्या सरकवून घेतील ना जरा."

"आधी वाजवतच होतो, बाई. गाडी ठेंगणी होती तवा कडेले उतरवली त पोट घासे. मंग थांबा, भोंगा वाजवा, त्या बुढ्या उठत, खराट्यानं मोह सरकवत, गाडी गेली का परत पसरवत. दिवसातून चार गाड्या गेल्या त चारदा. आता आपली गाडी उंच झाली. काऊन उठवू त्याइले? उंच केली ते यासाठीच ना?"

मी विचारलं, "आणि दिवाळीनंतर?"

"तवा धान राहते ना रस्त्यावर."

"पावसात?"

"पावसात कोण वाळू घालते, बाई?" तो माझ्या अडाणीपणाचा राग न मानता म्हणाला.

"हे तू साहेबांना का नाही सांगितलं?"

तो गाडी उतरवत-चढवत राहिला. तीन वाळवणं गेली असतील. मग म्हणाला, "काय सांगू? कोणाच्या मोहावर चाक घालत नाई, असं सांगू? ते काय सांगाची गोष्ट आहे? साहेबांनी विचारलं, जंगलात घालतो काय. मी नाई घालत. ते सांगितलं."

चाक कडेवरून उतरवणं आणि जॉइंट मोडणं यांचा एकमेकांशी संबंध असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. गाडी उंच आहे म्हणजे ती उतरायला घाबरत नाही, असा त्याचा हिशेब. माझाही तोच होता, आजोबांचाही. तिघांनाही वाटत होतं की उंच केलेली गाडी जास्त ताकदीची होते.

ते दणके खाताना खरं काय आहे ते मला उमगलं होतं, पण आजोबांना ते कसं समजवायचं ते कळेना. ते फाटकातच उभे होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वीतभर कडेवरून उतरून जॉइंट मोडते? पूर्ण पावसाळा खड्ड्यातून गेली तवा नाई मोडला?"

"खड्ड्यात गाडी एकेकदा जाते आणि सावकाश. इथे घटकाभरात शंभरदा, ओझ्यासकट, एकाच चाकावर." मी म्हटलं, "तुम्ही असं करा, टाचा उचलून उभे राहा."

"काय?"

"टाचा उचला. आणि तसेच ओसरीची पायरी उतरून पाहा."

ते ओसरीवर गेले. मग खांब धरून टाचा उचलल्या आणि पायरी उतरले. पाय खाली टेकला तेव्हा त्यांच्या गुडघ्यात कळ आली आणि ते जोरात म्हणाले, "अगं, पडलो असतो ना!"

"मग तुमचाही जॉइंट बदलला असता," मी म्हटलं.

ते आधी रागावले. मग दोन पायऱ्या चढून गेले आणि पुन्हा उतरले, या वेळी टाचा टेकवून. मग ओसरीवर बसले आणि बराच वेळ आपल्या पावलाकडे पाहत होते. शनिवारी ते घरातल्या दुसऱ्या चावीनं स्वतःच गाडी शेडवर घेऊन गेले, तेव्हा मिस्त्रीनं तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. गाडीचं तोंड वर करताना चाकाला धरणारा लोखंडी हात आधीच खाली ताणला जातो, आता त्याला अजून खाली जायला जागा उरत नाही, म्हणून चाक जरा कुठे उतरलं की सगळा दणका त्या गोळ्यावर. तो म्हणाला, "अर्धी उतरवून देतो, भाऊ. वरतं अर्धं सुख, खालतं अर्धं सुख." बाळा, तुझ्या गाडीचं याहून वेगळं काही नसणार. चाकाला खाली जायला जागा ठेव. तुझ्या तिकडच्या मिस्त्रीला एवढंच विचार.

आजोबांनी ती अर्धी उतरवली. पण अर्धी उतरवूनही कड ती कडच, आणि वाळवणं ती वाळवणंच. जॉइंट जाणार हे मिस्त्रीनंही सांगितलं होतं. फक्त जरा उशिरा.

रविवारी सकाळी ड्रायव्हर आला. गाडी अर्धी खाली आलेली त्यानं पाहिली. "जय सेवा" म्हणाला आणि चावी ओसरीच्या कठड्यावर ठेवून दोन पावलं मागे सरला. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता आजोबा काहीतरी बोलतील, चुकलं म्हणतील. माफी मागणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नाही, हे मला ठाऊक होतं, तरी वाटलं.

आजोबा "जय भीम" म्हणाले. मग विचारलं, "मोह अजून किती दिवस पडते?"

तो गोंधळला. "पंधरा-वीस दिवस, साहेब."

"मंग जॉइंट आत्ता बदलून फायदा नाई. मोह संपला का बदलू."

तो उभाच राहिला. आजोबांनी चावी उचलली, कठड्यावरून पुढे वाकले आणि त्याच्या हातात दिली. "भोंगा नको वाजवू," ते म्हणाले. "बुढ्याइले काऊन उठवाचं?"

ड्रायव्हरनं चावी खिशात घातली. फाटकापर्यंत गेला, परत आला आणि मला म्हणाला, "बाई, ते विटा मी गाडीतच ठेवतो. तुमाले कधी याचं असन त." आणि गेला. त्यानंतर आजोबांनी मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन सर्वांसमोर सांगितलं की आपली गाडी कधी जंगलात गेली नव्हती. हे मला मिस्त्रीच्या बायकोनं सांगितलं. घरी ते याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे तो जॉइंट मोडला असं कुणी म्हणत नसे. मोह संपला की बदलायचा, धान उचललं की बदलायचा, जसं चैत्रात घर सारवायचं तसं. मी वहीत लिहिणंही बंद केलं.

आजोबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. त्याआधीच गिरणी आम्ही बंद केली होती. पिकअप मी ड्रायव्हरच्या नावावर करून दिली. तो तिच्यातून आता गावचं धान मूलच्या मोठ्या गिरणीत आणतो, आणि गुरुवारी येऊन ती इथे फाटकाशी लावतो, कारण मला दवाखान्यात जायचं असतं. काल आला होता. मोहफुलं आणली होती, एक पिशवीभर, माझ्यासाठी. गाडी अर्धी उंचच आहे. आवाज नुकताच सुरू झाला आहे, डावीकडून.